माझ्या पेशींचे स्वयंघोषित रक्षक

"गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्या नवऱ्याने, विनायकने, टेबलाची कड घट्ट धरली. मी नाही धरली, कारण ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पोचलं ते रिक्षात, कर्वेनगर जवळ आल्यावर.

स्तनाची शस्त्रक्रिया झाली. मग केमोथेरपी सुरू झाली, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं शिरेतून देणं. उलट्या झाल्या, केस गेले. ते सगळं सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हते ते भेटायला येणारे. कॅन्सर झाला की एक गोष्ट लगेच कळते: तुम्ही सोडून सगळं पुणे डॉक्टर आहे.

त्यांचा मुकुटमणी माझा धाकटा दीर निखिल. नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअरची. शनिवार-रविवारी 'नॅचरल अँटिऑक्सिडंट'च्या कॅप्सूल विकतो. त्यात ग्रीन टीचा अर्क.

"वहिनी, फ्री रॅडिकल्स पेशींना आतून गंजवतात. डीएनए तोडतात. हे म्हणजे पेशींचं शील्ड आहे!"

"आणि कॅन्सर?"

"तो आपोआप मागे हटतो."

"ऑपरेशनच्या आधी सांगितलं असतंत, तर टाके वाचले असते."

तो खूश होऊन हसला. उपरोध कळायलाही थोडी बुद्धी लागते.

मी कॅप्सूल घेणार नाही म्हणून सांगितलं. विनायकने मात्र त्या ठेवून घेतल्या आणि रोज सकाळी बाकीच्या गोळ्यांबरोबर मला देऊ लागला. "डॉक्टरांनी नवीन व्हिटॅमिन दिलंय," म्हणाला. मी घेत राहिले.

पुढच्या केमोआधी रक्त तपासलं, तर एसजीपीटी भलतंच वाढलेलं. यकृताला इजा झाली की रक्तात वाढतो तो हा घटक. केमो पुढे ढकलली. कॅन्सर काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.

"आणखी काय घेताय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मी "काही नाही" म्हणाले. विनायकने मान खाली घालून पिशवीतून निखिलच्या कॅप्सूलची डबी काढली.

त्या ओरडल्या नाहीत. "अहो, फ्री रॅडिकल्स खोटे नाहीत," म्हणाल्या. "पेशी ऊर्जा तयार करते तेव्हा हे अस्थिर रेणू निघतातच, आणि डीएनएला इजा करतात. शरीर स्वतः त्यांना आवरतं, फळं-भाज्या हातभार लावतात. आवळा खा, डाळिंब खा. पण असा दाट अर्क यकृताला झेपत नाही. शिवाय यांची केमो कॅन्सरच्या पेशीला काही अंशी हीच इजा करते. तुम्ही त्या पेशीलाही चिलखत घालत नाही कशावरून?"

बाहेरच्या बाकावर विनायक रडला. "मला काहीतरी करायचं होतं गं. नुसतं बघत बसवत नव्हतं." त्याच्यावर धड रागावताही येईना. पण ती भीती हेरून डबी खपवणाऱ्याबद्दल माझ्या मनात जे आहे, त्याला राग म्हणणं हा रागाचा अपमान ठरेल.

निखिल घरी आला. "पण वहिनी, ते नॅचरल आहे!"

"धोत्राही नॅचरलच असतो, भावोजी. टाकू का चहात?"

"मी तुमच्या चांगल्यासाठीच केलं."

"मग माझ्या डॉक्टरांना दाखवायची लाज का वाटली?"

त्याने दिलेल्यांपैकी एक डबी अजून उघडलेली नव्हती; ती त्याने जाताना आठवणीने मागून नेली.

कॅप्सूल बंद केल्यावर यकृत हळूहळू सावरलं. राहिलेली केमो पार पडली. आज तपासण्या ठीक आहेत.

तुमच्यावर ही वेळ आली, तर घरात येणारी प्रत्येक पुडी, काढा, कॅप्सूल आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. देणारा रुसेल. रुसू दे.

माझ्या डॉक्टरबाईंनी मला कधीच कसलं वचन दिलं नाही. "बरी होईन ना?" असं विचारलं की चष्मा पुसत म्हणायच्या, "बघू." बाकी सगळ्यांनी हमी दिली होती. मी जगले त्या एका "बघू"वर.