ओजियुगो बायको करते

ओजियुगोला कोणी अडवू शकलं असतं तर फक्त तिचा नवरा, आणि तो बिचारा बारा वर्षांपूर्वीच गेला होता. ती नदीदेवीची पुजारीण, ताडी तिला वर्ज्य. डोळ्यांभोवती पांढऱ्या मातीचे पट्टे आणि बोलणं असं की भलेभले वाट सोडून उभे राहत. मूल मात्र नव्हतं. घर, ताडाची झाडं सगळं दीर ओबिएकेच्या घशात जाणार आणि नवऱ्याचं, उदेझेचं, नाव पुसलं जाणार, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. मग तिने रीतीप्रमाणे स्वतःच बायको करायचं ठरवलं. घरात आणलेली मुलगी मुलांसाठी आपला पुरुष आपणच निवडेल, मुलं उदेझेच्या नावाने वाढतील. आमच्याकडे यात नवल नाही.

तिने उरेदियाला मागणी घातली, आणि त्या मुलीने आनंदाने होकार दिला. "ताडी पिऊन पडणारा नवरा नको होता, नाही मिळाला," ती मैत्रिणींना म्हणाली.

लग्नाच्या दिवशी ओजियुगो पुरुषांच्या रांगेत ऐटीत बसली. उरेदियाने तिच्यासमोर गुडघे टेकले, ताडीचा एक घोट घेतला आणि पेला पुढे केला. नवऱ्याने, म्हणजे इथे ओजियुगोने, तो रिकामा केला की लग्न लागलं.

ओबिएके याचीच वाट बघत होता. "प्या की वहिनी. ताडीला ओठ लावलात तर देवीची सेवा सुटेल, नाही लावलात तर बायको राहील बापाच्या घरी. काय हवं ते घ्या."

माणसं हसली. उरेदियाने ओबिएकेकडे रागाने पाहिलं. महिनाभर गोड गोड बोलत होता मेला, ते यासाठी!

ओजियुगो पेला घेऊन उठली. "लग्न उदेझेच्या नावाने लागतंय. तो या मातीत आहे, तेव्हा पिईल तोच. उदेझे, घे. तुझ्या पोरांची आई आलीय." सगळी ताडी तिने मातीत ओतली.

उरेदियाचा आजा ओबिएकेकडे वळला. "त्याचा सख्खा भाऊ इथे तूच. तूच सांग बाबा, भाऊ प्यायला की नाही?"

नाही म्हणावं, तर रोज सकाळी मेलेल्या बापाच्या नावाने ओबिएके स्वतः मातीत जे ओततो ते कुठे जातं?

"प्यायला," तो म्हणाला, आणि उरेदिया उठून आपल्या नवऱ्याशेजारी जाऊन बसली.