वाढलेली बांगडी

धारच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. आता देवासला मुलाकडे असते आणि पाच वर्षांची नात माझी परीक्षा घेते. धारलाही हाच चंद्र दिसतो का, माशाला तहान लागते का, एक ना दोन. कितीही कंटाळा आला तरी मी थापा मारत नाही. "आजी सच बोलती है," असं ती शेजारीपाजारी सांगत फिरते. ही पदवी मला माझ्या बी.एस्सी.पेक्षा प्यारी आहे.

एका दुपारी पाहिलं तर बाईसाहेब मोगऱ्याच्या कुंडीत मगामागून मग पाणी ओततायत. मी ओरडलेच.

"आजी, मी बांगडी बोयी है इसमें. तूच बोली ना, बांगडी वाढली?"

मी कपाळाला हात लावला. सकाळी तिची काचेची बांगडी फुटली आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "वाढली गं बाई!" आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. अशुभ बोलायचं नाही ना! हिंदी शाळेतल्या पोरीला हे कुठून कळणार? बांगडी घट्ट होत होती, आता मोठी उगवेल म्हणून ती खूश होती.

कुंडीतल्या काचा वेचता वेचता मी तिला समजावलं. काच निर्जीव असते. ती खात नाही, श्वास घेत नाही, मग वाढणार कशी? बांगडी फुटलीच होती. वाईट वाटू नये म्हणून मोठी माणसं दुसरा शब्द वापरतात.

"म्हणजे झूठ?"

माझी पदवी जाते की राहते, असा प्रसंग. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तिने पुढचं विचारलं.

"आजोबा गेले बोलते, वो भी?"

माझे हात थांबले. मागच्या वर्षी माझे यजमान वारले, तेव्हा 'आजोबा गेले' असं मीच तिला सांगितलं होतं. पोर वर्षभर ते परत यायची वाट बघत होती.

"आजोबा मेले, बाळा. ते आता परत यायचे नाहीत."

हा शब्द मी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता. मला एकदम रडू फुटलं. ती माझ्या मांडीवर चढून बसली, स्वतःही थोडी रडली. मग तिने माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि चाखून बघितलं.

"आजी, आँसू खारे का असतात?"

मी पदराने नाक पुसलं आणि सांगायला लागले.