शकूबाईंचा आटलेला मेंदू

हां, तर मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी संगणकावरून मान वर केली आणि म्हणाल्या, "शकूबाई, मेंदू या खेपेला अंमळ जास्तच आकसलाय हो."

शकू म्हणजे आपली म्हसळ्याकडची अंगणवाडीताई. सगळी पोरं एकदम रडली तरी हिचा आवाज वर! तिला मल्टिपल स्क्लेरोसिस जडलेला. रोगाशी लढणारे अंगातले राखणदारच मज्जातंतूंवरचं वेष्टन कुरतडतात, असा तो उफराटा आजार. वयाबरोबर मेंदू सगळ्यांचाच थोडाथोडा आकसतो. या आजारात तो घाई करतो. म्हणून दर साली एमआरआय काढायचा आणि गेल्या सालच्या चित्राशी ताडून बघायचा.

"मला वाटलंच व्हतं," नवरा सदा म्हणाला. "मी बोलतो ते हिच्या डोक्यात मावतच न्हाय."

"तुमचा मोजायचा तर आधी शोधावा लागंल!"

शकू बोलली खरी, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मेंदू असा आकसला म्हणजे चालू औषध लागू पडत नाही, मग ते बदलायचं, आणि नवं मानवतंय का ते बघायला महिनोन्महिने मुंबईत राहायचं. म्हणजे अंगणवाडी सुटली. अंगणवाडीशिवाय शकू म्हणजे कोकमाशिवाय कालवण.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष मात्र तिच्या ओठांकडे गेलं. सुकून फुटलेले.

"पाणी कधी प्यायलात?"

"काल संध्याकाळी."

"अहो, का?"

आता हे काय विचारणं झालं? पहाटेची एस.टी., दुपारपर्यंतची वाट. आपल्याकडच्या बायका असल्या प्रवासाला निघायच्या तर आदल्या रात्रीपासून पाण्याला शिवत नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक, बोलत कोणी नाही. शकूनंही मान खाली घातली. शेवटी सदाच म्हणाला, "वाटेत बायकांची सोय न्हाय, बाई."

अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूही किंचित लहान दिसतो, तेवढ्यावरून औषध बदलायचं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मग मुंबईतल्याच नणंदेकडे मुक्काम, पोटभर पाणी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्रात. मेंदूच्या मापाचा आकडा सुधारला. झीज होती, पण थोडकी. औषध तेच, अंगणवाडीही तीच.

"पुढल्या वर्षी वाटभर पाणी पीत यायचं," डॉक्टरीणबाईंनी दम भरला.

शकूनं पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "मेंदू मोजायला एवढं मोठं यंत्र आणलंत बाई, तर वाटेवर बायकांसाठी एक धड संडास बांधायला पण सांगा कुणाला तरी. मग बघा माझा मेंदू कसा भरून येतो!"