चंद्रामागं फोन लागत नाही

हसनाबादच्या गोजरबाईंचा विश्वास काय तो देवावर. माणसांना त्या पारखून घेत. जांब समर्थला गेल्या तरी चपला पिशवीत घालून, पिशवी काखेत मारूनच रामरायाच्या पाया पडत. गॅसची टाकी आली की हलवून बघत आणि आणणाऱ्यालाही खालून वर न्याहाळत.

आईबाप गेल्यापासून नात अर्पिता त्यांच्याजवळच वाढलेली. बारावीची परीक्षा झाली आणि पोरगी म्हणाली, पुण्याला नर्सिंगला जाते. गोजरबाई हो म्हणेनात, नाही म्हणेनात. त्यातच चैत्रात अमेरिकेच्या यानातून चार माणसं चंद्राकडं निघाली आणि अर्पिता मोबाइलवर बघून आजीला त्यांची खबर सांगायला लागली. गोजरबाईंना लगेच वास आला. ही चंद्राच्या आडून पुणं मागू राह्यली.

"उतरणार हैत का तिथं?"

"न्हाई. मागून वळसा घालायचा नि परत."

"एवढा खर्चा करून दारातून परत? टेकायचंबी न्हाई? काहीतरी लपवू राह्यलेत."

"आजी, ते निघाले की लगेच चंद्राकडं गेलेच न्हाईत. आधी पृथ्वीभोवती फिरले. हवा, पाणी, संडास, सगळं बराबर चालतं का बघितलं. बिघडलं तर घर जवळ ना! मंग पुढचा जोर लावला."

हे मात्र गोजरबाईंना पटलं. बी कितीही नामी दुकानातलं असो, मूठभर ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवून बघितल्याशिवाय त्या रानात नेऊ देत नसत.

"मंग तूबी तसंच कर. नवीन जालन्यात दैवशालामावशीकडं राहून दाखव. सैपाक तुझा, धुणं तुझं. जमलं तर पुणं."

अर्पिताचं तोंड बघण्यासारखं झालं. स्वतःच सांगितलेलं तिच्या अंगावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली.

जालन्यातून तिचे फोन येत राहिले. एकदा म्हणाली, "आता ते चंद्राच्या मागं जाणार. तेवढा वेळ त्यांचा आवाज कुणालाच येणार न्हाई. मधी चंद्रच आडवा ना."

"फोन लागत न्हाई म्हणणारे लई बघितले मी."

आणि दुसऱ्याच दिवशी अर्पिताचा फोन बंद. दैवशालाही उचलेना. गोजरबाईंनी पदर खोचला आणि मिळेल त्या गाडीनं जालना गाठलं. बघतात तर अर्पिता परातीत कणीक मळत बसलेली.

"फोन कुठंय?"

"मीच बंद केल्ता. मावशीलाबी उचलू नको म्हणलं. पुण्यात कधी बॅटरी गेली तर तू काय करशील, ते बघायचं होतं. मला सगळं जमलं, आजी. तूच नापास!"

दैवशाला तोंडाला पदर लावून हसत होती. गोजरबाईंनी डब्यांची झाकणं उघडून बघितली, वाळत घातलेलं धुणं चाचपलं, पोळी उलटीपालटी केली. खोट निघेना. निघताना हळूच म्हणाल्या, "मला एकदा परत बसू दे परीक्षेला."

चौघं माघारी फिरले होते. आता पृथ्वीच त्यांना ओढून घेत होती. उतरायच्या दिवशी अर्पितानं सांगितलं, हवेत शिरताना यान आगीसारखं तापतं, तेव्हाही आवाज तुटतो. एवढं बोलून तिनं फोन बंद केला. गोजरबाई स्टँडकडं गेल्या नाहीत. देवापुढं बसून वाती वळत राहिल्या. वर्षभर पुरतील एवढ्या झाल्या, तेव्हा कुठं फोन वाजला.

"आजी, छत्र्या उघडल्या! समुद्रात उतरले, चौघंबी धड हैत."

"देवाची किरपा."

"पण आपल्या शेजारची सोनूबाई इथं दारात कशी? म्हणती, सहज आल्ते. हसनाबादहून सहज?"

गोजरबाई वाती मोजायला लागल्या.

"तिला चहा पाज," मग त्या म्हणाल्या. "आन् बाजारातून एक चांगलं कुलूप घे. पुण्यातली माणसं कशी असतील, कुणाला ठाऊक."