अप्पांचं हैदराबाद, अव्वाचं हैदराबाद

अप्पांना हैदराबाद तळहातासारखं माहीत आहे, असं आम्ही घरात सगळेच धरून चाललो होतो. बिदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीत आमचं भांड्यांचं दुकान. लग्नसराईच्या आधी अप्पा हैदराबादला जायचे, पोत्यांत पितळेचे तांबे, घागरी, स्टीलची ताटं भरून आणायचे आणि दोन दिवस त्याच गोष्टी सांगायचे. आता दुकान भाऊ बघतो. तो फोनवरच ऑर्डर देतो, माल टेम्पोने येतो. अप्पांचं जाणं बंद झालं.

मी बिदरला एका शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात सुट्ट्या लागल्या तशी मी अप्पा आणि अव्वाला, माझ्या आईवडिलांना, तीन दिवस हैदराबादला न्यायचं ठरवलं, नुसतं फिरायला. आमच्याकडची माणसं हैदराबादला जातात ती दवाखान्याला नाहीतर लग्नाच्या बस्त्याला. अव्वाही एकदाच गेली होती, डोळ्याच्या ऑपरेशनला, आणि येताना डोळ्यावर पट्टी होती. अप्पा लगेच तयार झाले. म्हणाले, "तुम्ही दोघी नुसतं माझ्या मागं चला. समदं गाव दाखवतो."

इमलीबनच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा दुपार झाली होती. अप्पांच्या नेहमीच्या लॉजच्या जागी चपलांचं मोठं दुकान होतं. ते थोडा वेळ रस्त्यात उभे राहिले, मग काहीच झालं नसल्यासारखे पुढे निघाले. अफजलगंजला दुसऱ्या एका लॉजवर सामान टाकलं आणि आम्ही बेगम बाजारात गेलो.

तिथे मात्र अप्पांचं वय कमी झालं. हातगाड्या, हमाल, स्कूटर यांच्यातून ते असे वाट काढायचे की अव्वाचा हात धरून मला पळावं लागायचं. तांबे कुठल्या दुकानात चांगले, हंड्याला टाका कोण नीट मारतो, ते सांगत होते. ज्या मारवाडी शेठकडून ते माल घ्यायचे, ते वारले होते. गल्ल्यावर मुलगा होता. त्याने अप्पांना ओळखलं, खुर्च्या दिल्या, चहा मागवला, वडिलांच्या दोन आठवणी काढल्या. मग शेजारच्या भोजनालयात जेवलो. अप्पा नेहमी इथेच जेवत. वाढणारा पोळीवर तूप ओततच होता आणि अव्वा त्याला हाताने थांबवत होती.

जेवताना अव्वाने विचारलं, "इथनं चारमिनार किती लांब हाय?"

अप्पा म्हणाले, जवळच. तिने विचारलं, वर चढता येतं का? अप्पांनी भाताचा घास घेतला आणि म्हणाले की असेल येत, ते कधी गेले नव्हते. मग एकेक करून कळलं. सालारजंग म्युझियम पाहिलं नव्हतं. हुसेनसागर बसच्या खिडकीतून एकदा पाहिला होता. बसस्टँड, लॉज, बेगम बाजार, हे भोजनालय आणि परत बसस्टँड, एवढंच त्यांचं हैदराबाद होतं. "पोती रस्त्यावर टाकून मिनार चढू का?" असं ते जरा रागानेच म्हणाले. मला अव्वाच्या चेहऱ्यावर थोडं हसू दिसलं.

संध्याकाळी चारमिनारला गेलो. अव्वाचा गुडघा दुखतो म्हणून वर अप्पा आणि मी चढलो. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. अप्पा मध्ये दोनदा थांबले. वर गेल्यावर त्यांनी कठड्याच्या जाळीतून खाली पाहिलं आणि गर्दीत अव्वा सापडेना म्हणून घाबरेघुबरे झाले. ती जिथे सोडली होती तिथेच, एका फळवाल्याच्या गाडीशेजारी उभी होती. सीताफळाचा मोसम संपलेला, ती पेरू निवडत होती. मग लाड बाजारात तिच्यासाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या. अप्पांची दखनी तिथे फार कामाला आली. "कायकू इत्ता बोलरे भाई, बीदर से आए हम," म्हणून त्यांनी घासाघीस केली. बिदरचं नाव ऐकून दुकानदार हसला आणि त्याने भाव उतरवला. कितीला घेतल्या ते परतीच्या वाटेवर अप्पांनी रिक्षावाल्यालाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांची लिंगपूजा होईपर्यंत चहाही नव्हता, त्यामुळे निघायला उशीर झाला. म्युझियममध्ये घड्याळातला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो ते बघायला पोरंसोरं, म्हातारी, सगळी फरशीवर बसली होती. आम्हीही बसलो. अप्पांना सगळ्यात आवडलं ते बिदरी कामाचं दालन. काळ्या हुक्क्यांवरची चांदीची वेलबुट्टी ते काचेला नाक लावून बघत राहिले. प्रत्येक भांड्याचं वजन काय असेल याचा अंदाज ते मला सांगत होते. अव्वा कंटाळली. "आपल्या बिदरचं बघायला इथवर कामून यायचं?" म्हणून ती बाकावर जाऊन बसली.

दुपारनंतर मेट्रोने खैरताबादला उतरून हुसेनसागरला जायचं ठरलं होतं. स्टेशनात मी अव्वाला सरकत्या जिन्यावर कसं चढायचं ते दाखवत होते, तोवर अप्पा पुढे जाऊन तिकिटाच्या खिडकीशी उभे राहिले. त्यांनी दखनीत विचारलं. खिडकीतली मुलगी तेलुगूत काहीतरी म्हणाली. अप्पांनी तेच जरा मोठ्याने विचारलं. तिनेही तेच पुन्हा सांगितलं, हळू. मी हिंदीत बोलायला पुढे होणार, तेवढ्यात माझ्या मागून अव्वा तेलुगूत बोलली.

एखादा शब्द नव्हे, पूर्ण वाक्य. मुलीने उत्तर दिलं, अव्वाने आणखी काही विचारलं, मुलगी हसली. अव्वा आमच्याकडे वळून म्हणाली, "पल्याडच्या बाजूची गाडी हाय. सुटे पैसे असले तर द्या म्हणती."

अव्वाचं माहेर औरादकडे, ठाणाकुशनूर. ते मला माहीत होतं. पण तिकडे मामांशी ती मराठीत बोलायची, आमच्या घरी मराठी आणि कानडी. तिला तेलुगू येते हे मी कधी ऐकलंच नव्हतं. गाडीत बसल्यावर विचारलं तर म्हणाली, शेजारचं घर तेलुगू होतं, लग्न होईपर्यंत तिचा अर्धा दिवस त्यांच्याच अंगणात जायचा. एवढं सांगून ती दुसऱ्या बाजूच्या बाईकडे वळली.

ती बाई अव्वाच्याच वयाची, मांडीवर भाजीची पिशवी. दोघींचं जे सुरू झालं ते थांबेना. अव्वा मध्ये अडखळायची, हाताने काहीतरी दाखवायची, मग ती बाई शब्द पुरवायची आणि अव्वा तो दोनदा म्हणायची. खैरताबाद आलं. अप्पा उठले. अव्वा बसूनच राहिली. ती बाई कुकटपल्लीला उतरणार होती आणि तिथल्या एका हातगाडीवर पेसरट्टू चांगला मिळतो, असं तिने सांगितलं होतं.

"आपण तळं बघायला निघालोत," अप्पा म्हणाले.

"तळं कुठं पळून जायलंय? बसा."

अप्पा बसले. दारं लागली.

कुकटपल्लीला त्या बाईने आम्हाला त्या हातगाडीपर्यंत आणून सोडलं, गाडीवाल्याला बजावून सांगितलं आणि मग ती घरी गेली. चारी बाजूंना उंच इमारती, होस्टेलच्या पाट्या, पाठीवर बॅगा लावलेली पोरं. तिथे उभं राहून आम्ही हिरव्या मुगाचा तो डोसा खाल्ला, आत उपमा, बरोबर आल्याची चटणी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं इतकी तिखट. अव्वाने दुसरा मागवला. बाहेर कुठेही गेलो तरी एक पोळी खाऊन पोट भरलं म्हणणारी बाई ही. अप्पांनी नुसता चहा घेतला. भूक नाही म्हणाले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते.

लॉजवर आल्यावर अव्वा पाय चोळत बसली होती. अप्पा पलंगावर आडवे झाले होते, पण जागे होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मग अप्पा म्हणाले, "इतकी तेलुगू येती तुला. इतक्या वर्षांत कधी बोलली न्हाईस."

"कुणाशी बोलू?" अव्वा म्हणाली. "तुमच्या घरात कुणाला येत होती?"

तिचा आवाज चढला नव्हता, विचारलं त्याचं उत्तर दिलं इतकंच. अप्पा छताकडे बघत राहिले. मी घडी घातलेली साडी उलगडून पुन्हा घडी घातली. थोड्या वेळाने अप्पांनी विचारलं, तो डोसा खरंच चांगला होता का? अव्वा म्हणाली, व्हय, चांगला होता.

तिसऱ्या दिवशी हुसेनसागरला गेलो. त्या दिवशी रस्ता विचारायचा झाला की अप्पा थांबायचे आणि अव्वाला पुढे करायचे. खरं म्हणजे बहुतेकांना हिंदी येत होती, रिक्षावाला तर सरळ दखनीच बोलत होता. तरी अप्पा म्हणायचे, "तू विचार." अव्वाही विचारायची. बुद्धाच्या पुतळ्याकडे जाणाऱ्या बोटीत वारा फार होता. अव्वाने पदर कानावरून घट्ट घेतला होता. अप्पा तिच्या शेजारी बसले आणि भांड्याला तेलुगूत काय म्हणतात ते त्यांनी विचारलं.

"गिन्ने."

"आन् ताटाला?"

"पळ्ळेम."

अप्पा ते शब्द पुटपुटत होते. इतकी वर्षं तेलुगू गिऱ्हाइकांना फक्त बोट दाखवून माल विकला, असं त्यांनी मला सांगितलं. तांब्याला काय म्हणतात ते मात्र अव्वालाही आठवेना. तिने समोर बसलेल्या कुटुंबातल्या बाईला विचारलं, आणि मग त्या बाईची सासू, नवरा, सगळेच त्यात पडले. एकजण चेंबू म्हणाला, दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्या गावाकडे वेगळं म्हणतात. पुतळा आला तरी त्यांचं मिटलं नव्हतं. बुद्धाचा फोटो काढायचा माझ्याकडून राहून गेला.

संध्याकाळच्या बसने निघालो. पाटणचेरू मागे पडेपर्यंत अव्वाला झोप लागली. अप्पा मागच्या सीटवरून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "विजयवाड्याला नुसती तेलुगूच चालती म्हणं. पुढच्या साली जायचं का, म्हणून विचार तिला."

मी म्हणाले, तुम्हीच विचारा. झहीराबादला बस थांबली, अव्वा जागी झाली, तेव्हा त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आधी शेतातली तूर घरात येऊ द्या, मग गुडघ्याचं बघू, मग जाऊ.

तूर आली. गुडघ्याला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे. तो ती करते का, हे अप्पा रोज सकाळी बघतात.