चिठ्ठ्या नसलेले खेकडे

आमच्या खाडीतल्या खेकड्यांची पहिली रीतसर नोंद ज्यांनी केली, ते काका पेणकरपाड्यात आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहत. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी ओहोटी बघून घोडबंदरपासून पालीपर्यंत चिखल तुडवायचे. कोळणी हसायच्या. "मास्तर, यात मांस न्हाय, नेऊन काय करनार?" तो बिनमांसाचा खेकडा काका स्पिरिटच्या बरणीत ठेवत आणि आत एक चिठ्ठी सोडत: वहीतल्या नोंदीचा क्रमांक, कुठे सापडला, कधी, चिखल कसा होता, कोळणी त्याला काय म्हणतात. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

"चिठ्ठी नसली की तो नुसता मेलेला खेकडा," ते म्हणायचे.

गेल्या वर्षी इमारत पाडायला निघाली. काकांना भाड्याचं घर मिळालं, पण तिथे मांसाहार चालणार नव्हता. स्पिरिटमधला खेकडा मांसाहारात मोडतो का, यावर घरमालकानं दोन दिवस विचार केला आणि मोडतो असं ठरवलं. सुदैवानं मुंबईतलं एक कॉलेज सगळा संग्रह न्यायला तयार झालं. महिन्याभरात त्यांची गाडी येणार होती.

तेवढ्यात विभागातल्या एका मंडळाला काकांचा शोध लागला. सत्कार ठरला. व्यासपीठाशेजारी बरण्या मांडायची त्यांची इच्छा होती. काका नको म्हणत होते. मीच आग्रह धरला. "द्या हो काका. चार लोकांना कळू दे तुम्ही काय केलंय ते."

असल्या समारंभांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. तरी म्हटलं. काकांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुण्यांनी काकांना 'खाडीचे सुपुत्र' म्हटलं आणि नाव दोनदा चुकवलं. बरण्या मात्र लखलखत होत्या. आतलं पाणी नितळ. प्रत्येकीवर छापील पट्टी: 'खेकडा'. खाली मंडळाच्या अध्यक्षांचा हसरा फोटो. त्यांचं मात्र पूर्ण नाव दिलं होतं.

"आतल्या चिठ्ठ्या?" काकांनी विचारलं.

"टाकल्या ना काका! कसल्या कळकट झाल्या होत्या," एक कार्यकर्ता आनंदानं म्हणाला. "पाणीपण बदललं सगळं. काल दिवसभर तेच करतोय आम्ही."

खरंच राबला होता तो. काकांनी त्याचे आभार मानले.

वह्या होत्या, पण वहीतला कुठला क्रमांक कुठल्या बरणीचा, हे त्या चिठ्ठ्यांवरच होतं. मी स्पिरिट आणून बरण्या पुन्हा भरल्या. काका पेन्सिल घेऊन बसले. एक बरणी डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हा पालीचा असावा." मग बरणी फिरवून, "किंवा घोडबंदरचा." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चिठ्ठीवर 'असावा' लिहायची त्यांना सवय नव्हती.

कॉलेजनं फोनवर अतिशय सभ्य शब्दांत नकार दिला.

घर सोडायच्या आदल्या दिवशी मी खेकडे खाडीकाठी पुरून आलो. काका सामान बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बरण्या धुऊन ठेव तुझ्याकडे. लोणच्याला होतील."

तीनदा धुतल्या. वास जात नाही.