एका दमाला दोन

मायाक्का कुणाच्याही दारात आली की आधी जनावराची चौकशी करी, मग माणसांची. टिळकवाडीतल्या आमच्या घरी ती कंग्राळीच्या धनगरवाड्यातून घोंगडी विकायला येई आणि पायरीवर बसायच्या आधीच विचारी, ‘‘मोत्या कसा हाय?’’ एकदा मी फणकाऱ्याने म्हटले, ‘‘आक्का, मी दोन दिवस तापाने पडलोय, ते नाही विचारलंस?’’

‘‘तुमास्नी त्वांड हाय, मास्तर. दुखलं की बोंबलशीला. त्यानं कुणाला सांगायचं?’’

मोत्या हा माझ्या पत्नीचा कुत्रा. तिने त्याला पिल्लू असताना पदराआड घालून माहेराहून, कडोलीहून आणले होते. ती गेली तेव्हा तो म्हातारा झाला होता. तिची हाक ओळखणारे घरात आम्ही दोघेच उरलो होतो.

एका उन्हाळ्यात तो झोपेत भराभर श्वास घेऊ लागला. पोट भात्यासारखे वरखाली होई, घशातून बारीक कण्हणे येई. मी शाळेत शास्त्र शिकवणारा माणूस, पण ते पाहून मी शेजाऱ्यांना बोलावून आणले. शेजारी वकील होते, शिकारीची आवड असलेले, मनाने चांगले. ते म्हणाले, ‘‘जीव तडफडतोय, मास्तर. तुमच्या मायेपायी त्याचे हाल कशाला? उद्या सकाळी बंदूक आणतो, क्षणात सुटेल.’’ आणि मी, देव मला क्षमा करो, ‘‘बरं’’ म्हणालो.

त्याच दुपारी मायाक्का आली. मी सगळे सांगितले. तिने घोंगड्यांचे गाठोडे खाली टाकले आणि झोपलेल्या मोत्याजवळ जाऊन बसली. त्याच्या पोटाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

‘‘पाय बगा आदी. हलत्यात न्हवं? पापन्या फडफडत्यात. सपान पडतंय त्येला. कुनाच्या तरी मागनं पळतंय. पळताना दम लागायचा न्हाय व्हय?’’

‘‘पण कण्हतोय की!’’

‘‘भुकतंय ते, सपनात. जरा दम खावा.’’

थोड्या वेळाने पाय थांबले आणि श्वासही संथ झाला. मग तिने माझा तळहात त्याच्या बरगडीवर अलगद ठेवला. धनगरांची मोजण्याची रीत तिने मला शिकवली: आपल्या एका दमाला जनावराचे किती, ते पाहायचे. ‘‘एकाला दोन आलं तर भ्या न्हाय. पाय गप असताना तिनाच्या वर जाया लागलं, आन रोज वाढाया लागलं, तर काळजावर वज्जं आलंय म्हनायचं.’’

मी मोजले आणि हर्षाने ओरडलो, ‘‘आक्का, एकाला एकच!’’

ती पोट धरून हसली. ‘‘अवो, धापा तर तुमीच टाकतायसा! कुत्र्याचं मोजायचं तर आदी आपला दम जाग्यावर आनावा लागतोय, मास्तर.’’

शाळेत इतकी वर्षे काढली, पण इतके मोलाचे कुणी शिकवले नव्हते. संध्याकाळी वकिलांकडे जाऊन बंदूक नको म्हणून सांगितले. ते स्वतः मोत्याला पाहायला आले आणि ओशाळून त्याला थोपटून गेले.

त्यानंतर मोत्या आणखी एक पावसाळा आणि एक हिवाळा जगला. मग एका आठवड्यात पाय गप असताना तीन आले, पुढे चार. मी कळवताच मायाक्काने निरोप धाडला, ‘‘आता त्येला उटवू नगासा. हातानं भरवा. सोबत करा.’’ मी सोबत केली. पत्नीच्या जुन्या लुगड्यावर, माझ्या मांडीशी तो शांतपणे गेला. बंदुकीच्या आवाजाऐवजी अशी अखेर त्याला मिळाली, ती केवळ या बाईमुळे. हे ऋण मी आजही आनंदाने मिरवतो.

दोन वर्षांनी तिचा मुलगा सिद्धू शाळेत आला. ‘‘मास्तर, आई तुमची आटवन काडतीया. झोपंत लई धापा टाकतीया. मेंढरं हाकत आसंल सपनात.’’ तो हसत होता. मी शाळा अर्धी टाकून त्याच्याबरोबर कंग्राळीला गेलो.

दारातून ऊन थेट तिच्या अंथरुणावर येत होते. मी आधी घोंगड्याबाहेर आलेले तिचे पाय पाहिले. ते हलत नव्हते. मी जवळ बसलो, तिच्या मनगटावर हात ठेवला, छातीवरच्या वरखाली होणाऱ्या घोंगड्यावर नजर लावली आणि स्वतःचा श्वास जागेवर आणायची खूप खटपट केली. तो काही येईना. तरी मोजले. तीन आले, पुन्हा मोजले तरी तीनच.

माणसाला ते माप लागू पडते की नाही, मला ठाऊक नव्हते. पण मला भीती वाटली. परवा ती गेलीच, पण त्या दिवशी तिने डोळे उघडले होते.

‘‘किती आलं, मास्तर?’’

‘‘दोन,’’ मी म्हणालो.

तिने दुसऱ्या हाताने माझा हात थोपटला.

‘‘आदी तुमचा दम जाग्यावर आना,’’ ती म्हणाली.